बंदुकीचा चष्मा

साठी उलटली आणि माझ्या छऱ्याच्या बंदुकीची माशी व लक्ष्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. दहा मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. २००० साली सिडनीत अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या त्या दुर्बिणीवाचूनच. विलायती ‘फील्ड टार्गेट’मध्ये मात्र कमीअधिक अंतरांवरची धातूची पाखरे पाडायची, आणि ते अंतरही दुर्बिणीची चकती फिरवून, प्रतिमा स्पष्ट होईल तिथे ओळखायचे. मुलुंडहून मुद्दाम शहरात गेलो. दुकानदार आकडे फेकू लागला, ‘चोवीसपट, साहेब!’ मी विचारले, ‘दहा मीटरवर स्वच्छ दिसेल? स्प्रिंगच्या बंदुकीचे मागचे-पुढचे दोन्ही झटके सोसेल?’ तो गप्प. बारापटीची, पण सोशीक अशी घेतली. घरी किंमत सांगताच बायको म्हणाली, ‘अहो, मोतीबिंदूचे काय ठरले?’