झुडपातला एडका

अब्राहामाने आपल्या लाडक्या पुत्रास होमार्पणासाठी मोरिया प्रांतातील डोंगरावर नेले, वेदी रचली, सुरी उचलली, आणि देवदूताच्या हाकेने हात थबकताच त्याच्या दृष्टीस झुडपात शिंगे गुंतून अडकलेला एक एडका पडला, ही उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील कथा मी नगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत बालपणी ऐकली आणि पुढे शिक्षक झाल्यावर त्याच शाळेत दोन पिढ्यांना सांगितली. सांगताना माझा सारा भर बापाच्या विश्वासावर आणि इसहाकाच्या सुटकेवर असे. एडक्याची वासलात अर्ध्या वाक्यात लागत असे. आमच्या व्याख्यानांतून तो एडका ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वसूचना म्हणून गौरविला जातो खरा, पण गौरव करून घेण्यास तो स्वतः राजी होता की काय, हा प्रश्न ना पाळकांनी काढला, ना आम्ही विद्यार्थ्यांनी. माझ्या नातीचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या दप्तरी यकृताच्या प्रतीक्षायादीत दाखल झाले, आणि तेव्हापासून ही कथा मला त्या मुक्या जनावराच्या बाजूने वाचणे भाग पडले.

नात जन्मली ती पित्तनलिका बंद असलेली. नवजात अर्भकाची कावीळ बहुधा आठपंधरा दिवसांत ओसरते, म्हणून आमच्याकडील अनुभवी बायका मूल कोवळ्या उन्हात ठेवा म्हणतात आणि पुष्कळदा त्यांचे खरेही ठरते. परंतु पंधरवडा उलटल्यावरही डोळे पिवळे राहून बाळाची शी पांढुरकी होऊ लागली, तर ते लक्षण थांबण्याचे नव्हे. माझी सूनबाई पेशाने परिचारिका, तालुक्याच्या गावी सारेजण तिला सिस्टर म्हणून ओळखतात. तिने लंगोट पाहिला आणि त्याच दिवशी पुण्याची वाट धरली. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदाने 1950 च्या दशकात योजिलेली शस्त्रक्रिया, जीत यकृताच्या मुखाशी थेट आतड्याचा पदर जोडून पित्ताला वाट करून देतात, ती मूल दोन महिन्यांचे होण्यापूर्वी झाल्यास यशाची आशा अधिक, आणि आमची ती वेळेत झाली. त्या शस्त्रक्रियेने पाचसहा वर्षांची मुदत दिली. त्या मुदतीत मुलगी चालू लागली, बोलू लागली, नाताळच्या नाटकात देवदूत झाली. यकृत मात्र आतल्या आत कठीण होत गेले, पोट फुगले, रात्री अंगाची खाज थांबेना, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितले की आता दुसऱ्या यकृतावाचून तरणोपाय नाही.

जिवंत माणसाने यकृताचा तुकडा दिला तर उरलेले यकृत काही महिन्यांत पुन्हा जवळजवळ पूर्ववत आकाराचे होते, ही विधात्याची मोठीच मेहेरबानी. म्हणून लहान मुलांना बहुधा आईबापच यकृत देतात. आमच्या घरी आईचा रक्तगट जुळला नाही आणि बापाच्या यकृतात चरबी निघाली. आजोबांना देण्याची मुभा 2011 च्या दुरुस्तीपासून कायद्याने आहे, परंतु कायद्याच्या मंजुरीवर माझ्या वयाने नामंजुरीचा शेरा मारला. राहिली ती यादी. आणि यादीत नाव असणे म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाच्या मृत्यूची वाट पाहणे, ही गोष्ट सभ्य भाषेत कोणी बोलत नसले तरी तिचा अर्थ दुसरा होत नाही.

येथे आमच्या प्रार्थनेची पंचाईत झाली. मंडळीतील माणसे मायेची. घरोघरच्या सभांत नातीचे नाव घेतले जाई, रेव्हरंड टिळकांची भजने म्हटली जात, आणि एखादी वृद्ध बहीण हात जोडून कळवळून म्हणे, प्रभू, लेकराला लवकर यकृत मिळू दे. एका संध्याकाळी त्या ‘लवकर’पाशी माझा मुलगा उठून बाहेर ओसरीवर गेला. पावसाळ्याचे दिवस होते. नगर-पुणे रस्त्यावर दुचाकी घसरण्याचे ते दिवस. मेंदू मृत होऊनही हृदय चालू राहते ते बहुधा डोक्याला जबर मार लागल्याने किंवा मेंदूत अकस्मात रक्तस्राव झाल्याने, हे सूनबाईने त्याला समजावून सांगितले होते, आणि आता तो हिशेब त्याच्या डोक्यातून जाईना: आपण देवाजवळ दरखास्त करतो ती कोणाच्या घरचा दिवा विझवण्याची?

मी जन्मभर प्रार्थना केली, करविली, तिच्यावर निबंध लिहिले. मला उत्तर देता आले नाही. ते सूनबाईने दिले, कारण अतिदक्षता विभागाची दुसरी बाजू तिने पाहिली होती. 1994 च्या कायद्याबरहुकूम चार डॉक्टरांच्या मंडळाने मेंदूमृत्यूची तपासणी दोन वेळा करावयाची असते, आणि त्या दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे लागते. त्या सहा तासांत पडद्यावर नाडीची रेषा चालूच असते, अंग ऊनच असते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बापाच्या हाती कोणीतरी चहाचा पेला देते व तो पेला तसाच निवून जातो, हे तिने नोकरीत अनेकदा पाहिलेले. तिने आमच्या घरची प्रार्थना बदलली. ती म्हणे, ज्या घरावर आज संकट येणार असेल ते टळण्याजोगे असेल तर टाळ. टळणार नसेल तर त्या घराला सांभाळ. आणि त्यांना त्या वेळी कोणा आजाऱ्याची आठवण दे. पहिल्या खेपेस तिने ‘आमची आठवण’ असे म्हटले होते, दुसऱ्या दिवसापासून ‘कोणा आजाऱ्याची’. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेचीही ठेवण अशीच आहे, प्याला टळावा हे मागणे आणि न टळल्यास त्याचा स्वीकार. परंतु तेथे मागणाऱ्याचा प्याला त्याचा स्वतःचा होता. आमच्या प्रार्थनेत तो दुसऱ्याच कोणाच्या ओठांशी लागणार होता, आणि हा भेद मला अद्याप कोणत्याही भाष्यग्रंथात सुटलेला आढळला नाही.

हाक आली ती रात्री, जेवणानंतर. कपड्यांची पिशवी भरलेली होती; कागदपत्रांची पिशवी निराळी. मुलीला आता काही खाऊ द्यायचे नव्हते, आणि नेमके सुप्याच्या पुढे तिला बिस्किट हवे झाले. ती रडत होती, बाप गाडी चालवीत होता, मी मागे बसून एकशेएकविसावे स्तोत्र म्हणण्याचा यत्न करीत होतो, आणि रांजणगावच्या दिव्यांशी सूनबाई एकदाच बोलली, “पपा, आता तिथं सह्या चालल्या असतील.” अपघाती मृत्यूत पोलिसांचा पंचनामा व त्यांची परवानगीही लागते, तेव्हा त्या घरच्या मंडळींना शोकाच्या पहिल्याच प्रहरी किती दस्तऐवजांवर अंगठे उमटवावे लागत असतील याची मी कल्पना करू लागलो आणि स्तोत्र अर्ध्यावर राहिले. पहाटे मुलीला आत नेले. दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर शल्यविशारद बाहेर आले आणि म्हणाले की यकृत प्रौढ माणसाचे होते, त्याचे दोन भाग केले. डावीकडचा लहान भाग हिला, उरलेला मोठा भाग दुसऱ्या एका रुग्णाला. याहून अधिक आम्हांस सांगण्यात आले नाही, आणि सांगू नये असाच नियम आहे. दाता स्त्री की पुरुष, कोणत्या गावचा, देवळात जाणारा की मशिदीत, काही ठाऊक नाही. आणि त्याच यकृताच्या दुसऱ्या वाट्यावर या राज्यात कोणी एक वडीलधारे माणूस जगत आहे, जे माझ्या नातीचे कोणत्या नात्याने कोण लागते हे सांगण्यास मराठीतील मुबलक नातेवाचक शब्दही अपुरे आहेत.

रुग्णालयातील त्या लांबलचक रात्रींत सूनबाईने मला या विद्येचा थोडा इतिहास सांगितला व पुढे मी तो वाचून काढला. टॉमस स्टार्झल यांनी मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण 1963 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले, ते याच रोगाच्या तीन वर्षांच्या बालकावर, आणि ते बालक शस्त्रक्रियेच्या मेजावरच रक्तस्रावाने गेले. त्यानंतरचेही रुग्ण गेले. चार वर्षांनी, 1967 मध्ये, एक लहान मुलगी वर्षाहून थोडी अधिक जगली, आणि तेवढ्यावर या शास्त्राने पुढचे पाऊल टाकले. भारतात बालकाचे यकृत-प्रत्यारोपण प्रथम यशस्वी झाले ते 1998 मध्ये, दिल्लीस. उपकारस्तुतीच्या वेळी आम्ही देवाचे, डॉक्टरांचे आणि फार तर दात्याचे आभार मानतो; त्या मेजावर गेलेल्या मुलाच्या आईचे आभार कोणी मानल्याचे मी ऐकलेले नाही.

मुलगी घरी आली आणि मग दीर्घकाळाचे व्रत सुरू झाले. शरीर परक्या अवयवाला आपले म्हणत नाही. त्याच्या या हट्टाला आवर घालणारे टॅक्रोलिमस नावाचे औषध 1984 मध्ये जपानातील त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतील एका जिवाणूपासून मिळाले, आणि ते सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने, घड्याळाच्या काट्यावर, बहुधा जन्मभर घ्यावयाचे असते. आमच्या येथे ती वेळ आठाची. त्यामुळे संध्याकाळची कौटुंबिक उपासना साडेसातला सुरू होते आणि आठाला मोबाइलचा गजर वाजला की ती संपते, मग प्रार्थना कोणाचीही चालू असो. एकदा पाहुणे आलेले पाळकसाहेब नुकते कोठे जगातील राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचले होते, तोच नातीने खणखणीत आमेन म्हणून औषधाची वाटी पुढे केली. परसातील पपनसाचे झाड पाडावे लागले नाही, पण त्याचे फळ घरात आणण्यास मनाई झाली, कारण त्या फळाने औषधाचे रक्तातील प्रमाण चढते. ताप आला की सारे घर पुन्हा पुण्याच्या रस्त्याला. अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना त्या त्या दिवसापुरताच गोळा करण्याची आज्ञा होती आणि रात्रभर ठेवला तर त्यात किडे पडत, हे मी मुलांना हावरेपणाची खोड मोडण्याचा पाठ म्हणून शिकवीत असे. आता वाटते, तो पाठ हावरटांसाठी नसून भित्र्यांसाठी होता, आणि त्या घटकेला आमच्या घरात माझ्यासारखा भित्रा दुसरा कोणी नव्हता.

उपकारस्तुतीची सभा ईस्टरनंतरच्या एका रविवारी झाली. मंडप, भोजन, सारे यथासांग. संदेश देताना पाहुण्या वक्त्यांनी मोरियाची कथाच घेतली आणि आवेशाच्या भरात म्हणाले की परमेश्वराने या लेकरासाठी एका माणसाला आपल्याकडे बोलावून घेतले. हेतू चांगला होता. सूनबाई ऐकून घेऊन गप्प राहील अशी माझी अटकळ होती, परंतु साक्ष देण्यास उठली तेव्हा तिने अत्यंत शांतपणे सांगितले की ज्या माणसाचे यकृत माझ्या मुलीला मिळाले ते माणूस माझ्या मुलीसाठी मेले नाही. ते आपल्या वेळेला, आपल्या कारणाने मेले, आणि त्याच्या घरच्यांनी रडता रडता आमच्यासाठी काही केले. देवाचे काम मला दिसते ते त्या सहीत, त्या मरणात नाही. सभेत चुळबूळ झाली. दर रविवारी दुसऱ्याच्या मरणाने आपल्याला जीवन लाभले असे म्हणणाऱ्या आम्हा लोकांना हे बोलणे आपल्या तत्त्वावरच उठल्यासारखे वाटले असावे. माझे मत सूनबाईच्या बाजूचे आहे. ज्याने स्वेच्छेने प्राण दिला त्याची जागा, ज्याला कोणी विचारलेही नाही अशा अनोळख्याच्या माथी मारणे, यात त्या दोघांचाही अनादर आहे.

युरोपात मध्ययुगात कॉस्मस व डेमियन या वैद्य-संतांची एक दंतकथा प्रचलित होती व चित्रकारांची ती आवडती होती. रोममधील एका चर्चचा सेवक सडलेल्या पायाने तळमळत असता हे दोघे संत त्याच्या स्वप्नात आले, आणि नुकत्याच पुरलेल्या एका काळ्या माणसाचा पाय काढून त्यांनी याला जोडला. प्रोटेस्टंट संस्कारात वाढलेल्या मला संतांच्या चमत्कारांविषयी फारशी आस्था नाही. मात्र कथेचा शेवट मला मोलाचा वाटतो. सेवक बरा होऊन उठल्यावर लोकांनी जाऊन ते थडगे उघडले आणि त्या मृताच्या देहापाशी सडका पाय पाहिला. म्हणजे निदान कोणी तरी तिकडे गेले, आणि ज्याचे घेतले त्याची काय गत झाली याची चौकशी केली. मोरियाच्या डोंगरावरून उतरताना तेवढेही कोणी केल्याचा उल्लेख नाही.

या साऱ्यानंतर मी स्वतःच्या नेत्रदानाचा अर्ज भरला, तर आमच्या मंडळीचे एक वयोवृद्ध पंच सलाम करून ओसरीवर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, “गुरुजी, पुनरुत्थानाच्या दिवशी डोळ्यांवाचून उठणार काय?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे, देहाच्या पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे आणि तो आम्ही मोठ्याने उच्चारतो. मी त्यांना म्हटले की आरंभीच्या काळातील कितीक हुतात्मे सिंहांच्या पोटात गेले, त्यांच्या उठण्याविषयी मंडळीने कधी शंका घेतली नाही. आणि पौलाने करिंथकरांस लिहिताना पेरलेला दाणा व उगवलेले रोप यांचे जे सांगितले आहे, त्यात दाणा शाबूत राहण्याची अट कोठेही नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. चहा मात्र त्यांनी घेतला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी बुबुळाचा पारदर्शक पडदा उपयोगी पडू शकतो, हे ऐकून त्यांनी आपल्या चष्म्याला हात लावला आणि पुढे पावसाचे काढले. घरच्यांना मी क्रम लिहून दिला आहे: प्राण गेल्यावर खोलीतील पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, आणि नेत्रपेढीला सहा तासांच्या आत पोहोचता येईल अशा बेताने ताबडतोब कळवावे. पाळकसाहेबांना त्यानंतर फोन केला तरी चालेल.