झुल्यावरची ती कोण?

आमच्या लहानपणी भाईंदर पश्चिमेला सर्कस आली की पहिली खबर भिंतींना लागायची. रातोरात खळ फासून पोस्टरं चिकटलेली असत. वर जबडा वासलेला वाघ, मध्ये झुल्यावरून झेपावणारी मुलगी, कोपऱ्यात जोकर. तळाशी कोरी पट्टी; तिच्यावर गावाचं नाव आणि ‘रोज तीन खेळ’ वेगळं छापून डकवायचे. एकच वाघ गावोगाव डरकाळी फोडत हिंडायचा.

चिकटवणाऱ्या पोऱ्याच्या मागे लागून एक पोस्टर मिळवलं आणि कपाटाच्या दाराला आतून लावलं. आईची अट होती, वाघ देवघराकडे तोंड करून नको. पुढे आम्ही मीरा रोडला आलो, कपाट भंगारात गेलं, पोस्टर मात्र गुंडाळी होऊन आलं. मुलीने ते उलगडलं आणि विचारलं, “ही कोण?” मी सर्कशीचं नाव सांगितलं. “ते लिहिलंय. ही मुलगी कोण?”

तेव्हापासून जुनी पोस्टरं दिसली की मी नावं शोधतो. सर्कशीचं नाव ठळक असतं, माणसांचं क्वचितच. मालकांचा इतिहास सापडतो, आणि तो आपल्या मातीतलाच आहे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांचे अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे यांनी इटालियन कियारिनीची सर्कस पाहिली आणि ईर्ष्येने स्वतःची उभी केली. पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी. जेमिनी सर्कशीचा पहिला खेळ १५ ऑगस्ट १९५१ला बिलिमोऱ्यात झाला, म्हणजे आमच्याच पश्चिम रेल्वेवर. पण घोड्यावर उभं राहणाऱ्या, जाळीवर पडणाऱ्या माणसांचं काय? पुण्याचे दामू धोत्रे मामांच्या सर्कशीत वाढले, १९४०मध्ये अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्समध्ये पोचले. त्यांच्या आठवणी भानू शिरधनकरांनी ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’मध्ये लिहून ठेवल्या, म्हणून ते आपल्याला ठाऊक. असा लेखक भेटणं हे नशीबच. बाकीच्यांना तो भेटला नाही.

वाघ गेले. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवरची १९९८ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये कायम केली. बरंच झालं, त्या पिंजऱ्यांचा वास मला अजून आठवतो. गंमत अशी की आज जुनी पोस्टरं फ्रेम करून विकतात ती वाघासाठीच. झुल्यावरची मुलगी आली तर नगास नग.

आता तंबूत उरलीत ती मुख्यतः माणसं. त्यामुळे सर्कसवाल्यांकडे एकच मागणं आहे: जाहिरात कागदावर करा की मोबाइलवर, झुलेवाल्यांची नावं छापा. आणि तुम्ही सर्कशीला गेलात, तर खेळ सुटल्यावर लगेच रिक्षा शोधायला धावू नका. रिंगणापाशी जाऊन त्यांना नाव विचारा.