बाबांचा प्लेअर आणि आल्मेरेतला स्पीकर

देशातून आणलेला जुना एमपीथ्री प्लेअर कपाटात पडून आहे ना? ब्लूटूथ नाही म्हणून टाकू नका. हेडफोनच्या जागी छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा. रिसीव्हर नको हं, पाठवणारा हवा! तो आणि घरचा स्पीकर, दोन्ही पेअरिंगला टाका. बाकीचे हेडफोन बंद ठेवा. ट्रान्समीटरला स्क्रीन नसेल तर तो भलत्यालाच चिकटतो.

काल आमच्याकडे असंच गीतरामायण लागलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं. आल्मेरेत तर पहिली माणसं राहायला आली 1976 ला!

मध्येच बाबांचा आवाज, "चालू झालं का रे हे?" चुकून रेकॉर्ड झालेला.

लेकीने आजोबांना फक्त फोटोत पाहिलंय. म्हणाली, "परत लाव."

तुम्हीही लावून बघा. मुलं घरात असताना.