औषधाची भूक

आपल्या घरांतून अन्नाविषयी दोन शिकवणी एकाच वेळी दिल्या जातात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पंगतीत वाढणारी गृहिणी आणखी एका पोळीचा आग्रह करकरून करते. आणि तीच पोळी कोणी आपण होऊन मागितली की त्याला खादाड ठरविले जाते. आग्रहास्तव खाणारा तो गुणी आणि मागून खाणारा तो हावरा, असा आपला न्याय. निरोगी माणसाचे या न्यायाने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या घरात मनाच्या आजारावर औषधे घेणारे कोणी आहे, त्या घराला तो फार महाग पडतो. आम्हांस तो कसा पडला आणि पुढे आम्ही काय केले, हे सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

आमचे कुटुंब पुण्यातले, एकत्र. तिघे बंधू, त्यांच्या गृहिणी, मुले, सुना आणि ८६ वर्षांच्या मातुःश्री, असा बारा पानांचा स्वयंपाक आमच्याकडे दोन्ही वेळा होतो. धाकट्या बंधूंचा मुलगा चोविसाव्या वर्षी आजारी पडला. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, घरच्याच माणसांचा संशय येऊ लागला. मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान करून ओलान्झापीन नावाची गोळी सुरू केली. दीड महिन्यात गुण आला. ज्या दिवशी तो आपल्या पायांनी पंगतीत येऊन बसला, त्या दिवशी मातुःश्रींनी देवापुढे साखर ठेवली.

आजार हटला तशी भूक आली. रात्री साडेअकराच्या सुमारास स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे वाजू लागली. उरलेल्या पोळ्या, चिवडा, गूळ, काही नसेल तर नुसती साखर. पाच महिन्यांत वजन ११ किलोंनी वाढले. अशात एका मुंजीला सर्व मंडळी गेली असता, एका आप्तांनी चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, “आजारी कोण म्हणतं याला? चांगला मानवलाय की!” मंडळी हसली. तोही हसला आणि त्या रात्रीपासून त्याने कोणास न सांगता गोळी बंद केली. चौथ्या आठवड्यात आवाज परत आले. एका पहाटे तो गच्चीच्या कठड्याशी उभा सापडला. पुढचे १८ दिवस रुग्णालयात गेले.

तो घरी परतल्यावर आम्ही त्याला जवळ बसवून विचारले, “बाळ, इतकी भूक लागते तरी कशी?” त्याने दिलेले उत्तर आम्ही विसरणार नाही. तो म्हणाला, “काका, पोट भरलंय हे मला कळतं. पण कळून उपयोग होत नाही.”

आमचे आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेले. भुकेला त्या भाषेत दोन शब्द आहेत. क्षुधा म्हणजे पोटाची गरज. बुभुक्षा हे इच्छार्थक रूप, म्हणजे खाण्याची इच्छा. हे दोन शब्द एकाच अर्थाचे म्हणून मुले पाठ करतात, आणि व्यवहारात तसे चालूनही जाते, कारण निरोगी माणसाच्या ठिकाणी गरज भागली की इच्छा मागोमाग शमते. आमच्या पुतण्याच्या ठिकाणी ही जोडी तुटली होती. क्षुधा शमत होती. बुभुक्षा उभीच राहत होती.

ती का उभी राहते, याचा उलगडा डॉक्टरांनी केला. सर्दी व खाज यांवरील जुन्या गोळ्यांनी पेंग येते, हा सर्वांचा अनुभव आहे. हिस्टामिन नावाच्या द्रव्याचे मेंदूतील काम त्या गोळ्या अडवितात म्हणून असे होते. हेच द्रव्य तृप्तीची जाणीव करून देण्याच्या कामीही लागते. ओलान्झापीन व क्लोझापीन ही औषधे हिस्टामिनचे हे काम अडवितात, आणि सेरोटोनिन या दुसऱ्या द्रव्याकडून येणारा ‘पुरे’ हा निरोपही थोपवितात. न जेवणाऱ्या मुलांना भूक लागावी म्हणून सायप्रोहेप्टाडीनचे औषध कित्येक घरांत दिले गेले आहे. त्याची करणीही याच वाटेची. औषध पिऊन जेवू लागलेल्या बालकाचे आपण कौतुक करतो आणि औषध घेऊन जेवणाऱ्या तरुणाला हावरा म्हणतो, यात न्याय कोणता?

मग असली औषधे हवीत कशाला, असे कोणी विचारील. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझीन या आजारासाठी वापरले आणि एक नवे युग सुरू झाले. त्यापूर्वी अशा कित्येकांचे आयुष्य इस्पितळाच्या भिंतींआड सरत असे. आज तोच माणूस घरच्या पंगतीत बसतो, ही त्या औषधांची कमाई होय. तेव्हा भूक वाढते म्हणून औषध सोडणे म्हणजे छप्पर गळते म्हणून घर सोडून पावसात उभे राहण्यासारखे आहे. छप्पर शाकारले पाहिजे.

शाकारणीचा पहिला विचार घरात निघाला तो फडताळाला कुलूप घालण्याचा. त्याच्या आईनेच तो मोडून काढला. ती म्हणाली, “भाऊजी, कुलूप घातलं तर तो बाहेर जाऊन खाईल, आणि वर आपल्यापासून लपवायला शिकेल.” लपविण्याचे फळ काय होते, ते आम्ही पाहिलेच होते. म्हणून एका माणसावर पहारा न ठेवता बाराही पानांचे जेवण बदलावयाचे ठरले. चिवडा, शंकरपाळी व लाडू यांचे डबे भरून ठेवणे बंद झाले. सणाचे पक्वान्न सणाच्या दिवशी, तेही त्या दिवसापुरते. हाताशी राहतील अशा जागी फुटाणे, काकडी, पेरू व ताक आले. पानात प्रथम कोशिंबीर व मोड आलेल्या मटकीची अथवा मुगाची उसळ, मग भाकरी, आणि भात शेवटी थोडा, असा क्रम लागला. चहातील साखर सर्वांचीच उतरली. या औषधांनी कित्येकांच्या तोंडाला कोरड पडते आणि ती भागविण्यास माणूस गोड सरबताकडे वळतो. म्हणून पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी असतो.

उपवासाचा मार्ग आम्ही मुद्दाम टाळला. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि दिवसभर ताणलेली भूक रात्री दामदुपटीने वसुली करते. ज्यांना लिथियम हे औषध चालू आहे त्यांनी तर निर्जळी उपवास अथवा एकाएकी मीठ तोडणे डॉक्टरांस विचारल्यावाचून कदापि करू नये. त्याने रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीस चढू शकते. क्लोझापीन घेणाऱ्यांस बद्धकोष्ठ जडतो आणि तो कधी जिवावरही बेततो. तेव्हा त्यांच्या पानात पालेभाजी हवी, पाणी हवे, आणि पोट साफ होत नसेल तर संकोच न करता डॉक्टरांस सांगितले पाहिजे.

राहिली ती रात्रीची भूक. तिच्यावर उपाय मातुःश्रींनी शोधला. वयपरत्वे त्यांना मध्यरात्रीपर्यंत झोप नसते. ती ऊर्मी आली की त्याने आजीच्या खोलीत जावे आणि दोघांनी पत्ते मांडावेत, असा करार झाला. दोन डाव होईतो बहुधा ऊर्मी ओसरते. न ओसरली तर आजीच त्याला ताक व मूठभर फुटाणे देतात. हातावर लाडू ठेवणे ही ज्यांची प्रेम करण्याची आजवरची रीत, त्यांनी या वयात ती बदलली. सकाळी एक चुलतभाऊ त्याच्यासह पर्वती चढतो. “तू जा” असे त्याला कोणी म्हणत नाही. “चल” असे म्हणतात.

डॉक्टरांकडे मात्र हा विषय आपण होऊन काढावा लागतो. वजन, कमरेचा घेर व रक्तदाब, तसेच रक्तातील साखर व चरबी यांची तपासणी औषध सुरू करतानाच, पुन्हा तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा झाली पाहिजे, कारण या औषधांमागे मधुमेह येऊ शकतो. आपल्या देशातील पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा समजतात. वजन बहुधा पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने चढते. म्हणून विचारणा तेव्हाच करावी. काहींना ॲरिपिप्राझोलसारखे कमी भूक वाढविणारे औषध मानवते, काहींना जोडीला मेटफॉर्मिन दिल्याने थोडा उतार पडतो. कोणते योग्य हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे. गोळी आपल्या मनाने कमी करणे वा सोडणे एवढे मात्र करू नये.

आमच्या घरी वर्षभरात ४ किलो उतरले आहेत. ७ किलो अजून अधिकच आहेत, आणि ते सर्व उतरतील असे डॉक्टरही म्हणत नाहीत. तो आता अर्धा दिवस एका छापखान्यात मुद्रिते तपासावयास जातो. शुद्धलेखनाच्या एखाद्या शंकेवरून सायंकाळी आमच्याशी वादही घालतो. त्या वादाच्या मोबदल्यात हे सात किलो आम्हांस मुळीच जड वाटत नाहीत.

लग्नमुंजींचे दिवस जवळ आले आहेत. मांडवात एखादा तरुण, एखादी सून वा लेक गेल्या वर्षीपेक्षा स्थूल झालेली दिसेल. त्या स्थूलतेमागे कोणती गोळी आहे आणि ती गोळी कोणते वादळ आवरून धरीत आहे, हे आपणांस दिसत नसते. त्यांच्या पानावर आग्रह करू नये, अंगावर शेरा मारू नये. “कशी आहेस? कसा आहेस?” एवढे विचारावे आणि उत्तर ऐकण्यास थांबावे.