दिल्लीची गाडी नागपूरला

आमच्या वस्तीतल्या तीन-चार तरुणांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला. "दादा, दिल्लीहून जुनी मोठी गाडी आणायचं म्हणतो. परवडते का?" दरवेळी मी कोपऱ्यावर उभ्याउभ्या अर्धेमुर्धे उत्तर दिले. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे मलाही पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही आणि माझी पत्नीही म्हणणार नाही की हा माणूस लोकांना नसत्या नादी लावतो.

गोष्ट जानेवारी २०२३ ची आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली ती घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. (पुढे २०२५ साली या बंदीवर न्यायालयात बरेच काही घडले, पण आमच्या खरेदीच्या वेळी तिचा धाक पूर्ण होता.) त्यामुळे साडेनऊ वर्षे झालेली डिझेल गाडी दिल्लीच्या मालकाला नकोशी होई. इतर राज्यांत मात्र खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. म्हणून दिल्लीचा माल स्वस्तात बाहेर जाई. करोल बागेतला जुन्या गाड्यांचा बाजार यासाठी प्रसिद्धच आहे.

मी बी.कॉम. झालेला कारकून. घसारा कॉलेजात शिकलो आणि आजही ऑफिसात रोज लावतो. मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा धरला, तर वीस लाखांच्या गाडीची दहा वर्षांनी पुस्तकी किंमत चार लाखांच्या आत येते. दिल्लीत ती त्याहूनही खाली आली होती. स्कोडा सुपर्ब, डिझेल, मे २०१३ ची नोंदणी, मागणी साडेतीन लाख. नवी असताना वीस लाखांवरची गाडी! एका ओळखीच्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला आणि माझी झोप उडाली.

आता कारकुनाला अशी गाडी कशाला, हे विचारणे रास्त आहे. कारण आईचे गुडघे. दवाखान्यात न्यायचे म्हणजे ऑटोत चढवताना दोघांनी धरायचे आणि प्रत्येक खड्ड्याला तिचा चेहरा बघायचा. साधी छोटी गाडी घेता आली असती. पण तेवढ्याच पैशात मागे पाय पसरून बसता येईल अशी गाडी मिळत असेल, तर का नाही? असा माझा विचार. खरे सांगायचे तर त्यात थोडी हौसही होती. ती लपवत नाही.

पैसे असे उभे केले: ऑफिसच्या पतसंस्थेचे कर्ज १,६०,०००, वडिलांच्या ठेवीतून ७५,०००, आणि पत्नीने शिवणकामातून साठवलेले ६०,०००. हे शेवटचे पैसे मुलीच्या बारावीनंतरच्या क्लाससाठी होते. पत्नी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरून देताना म्हणाली, "जूनच्या आधी परत पाहिजेत. लिहून द्या." मी लिहून दिले.

वडील सोबत निघाले. त्यांनी तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हरची नोकरी केली. ॲम्बेसेडर आणि जीप, दोन्ही चालवल्या, आणि आयुष्यात एकही गाडी स्वतःच्या नावावर घेतली नाही. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने आम्ही दिल्लीला गेलो. रात्रभर ते एकच सांगत होते, "रंग नको पाहू. रबर पाह्य."

करोल बागेत गाड्या रस्त्याच्या कडेला एकीला एक चिकटून, पुसून-पासून उभ्या. दलाल गाडीची चकाकी दाखवत होता. वडील दार उघडून खाली वाकले आणि ब्रेकच्या पेडलवर हात फिरवला. मीटरवर ६८ हजार किलोमीटर. "अडुसष्ट हजारात पेडलचं रबर असं गुळगुळीत होत नाही बाबू. स्टीअरिंगचं चामडं पाह्य, ड्रायव्हरच्या सीटची कड पाह्य. हे गाडी सव्वा लाखाच्या वर चालली हाय." दलालाने शपथा घेतल्या. वडिलांनी हिंदीत त्याला एवढेच सांगितले की मीही ड्रायव्हरच आहे. मग इंजिन थंड असताना चालू करून पाहिले, तेलाच्या झाकणाखाली काय चिकटले ते पाहिले, गाडी मागेपुढे दहा वेळा घेऊन गिअर झटका देतो का ते पाहिले. सौदा २,९५,००० ला झाला.

मागच्या दारात एक लांबट भोक होते. या गाडीत तिथे छत्री ठेवायची सोय असते. साहेब पावसात उतरला की दारातूनच छत्री काढायची. आमच्या गाडीत छत्री नव्हती. वडील बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. नोकरीत असताना पावसाळ्यात साहेबांवर छत्री धरायचे काम त्यांचेच होते. मग हसून म्हणाले, "छत्री गेली, भोक राह्यलं. पाचशे कमी कर म्हणा त्याले." त्याने केले नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून सुटली. वडील म्हणाले होते, टायरची तारीख पाह्य. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मी चारही चाकांना बॅटरी लावून फिरलो, आकडे दिसले नाहीत. वडिलांची कंबर वाकत नव्हती. टायरची नक्षी खोल होती, काळाकुळकुळीत रंग होता. मी म्हटले, ठीक आहे.

कागद घेतले: मूळ नोंदणी पुस्तक, ना-हरकतीचा फॉर्म २८, विक्रीचे २९ आणि ३०, विमा, पी.यू.सी. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचा माझा बेत होता. वडिलांनी दहा वाजेपर्यंत हलू दिले नाही. जानेवारीतले दिल्लीचे धुके म्हणजे बोनेटच्या पुढे पांढरा पडदा. गाड्या दिवे लावून मुंगीसारख्या सरकत होत्या.

यमुना एक्स्प्रेसवे टाळून आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. पलवल, मथुरा, आग्रा. आग्र्यानंतर धुके उठले आणि गाडीचे खरे रूप कळले. एवढी मोठी गाडी, पण आतमध्ये आवाज म्हणून नाही. धौलपूरच्या पुढे चंबळ ओलांडली. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी, उंदरांनी कुरतडल्यासारख्या. मुरैनाला गजक घेतली. तिळाची ही मिठाई तिथे दुकानादुकानांत कुटत असतात. ग्वाल्हेर, दतिया करत रात्री झाशीला मुक्काम.

लॉजच्या दारात गाडी थांबली. वडील सवयीने आधी उतरले आणि माझ्या बाजूचे दार उघडायला आले. आतून पोरगा धावत आला आणि त्यांना म्हणाला, "साहब पीछे आ रहे हैं क्या?" त्याने माझ्याकडेही पाहिले आणि मलाही साहेब मानले नाही. वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवले, "यही साहब हैं," आणि माझी बॅग उचलली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. रात्री जेवताना आम्ही त्यावर काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ललितपूर मागे पडले. मालथौनच्या अलीकडे, गाडी ऐंशीच्या वेगात असताना, मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि गाडीने शेपूट हलवली. माझा पाय ब्रेककडे गेला. वडील ओरडले, "ब्रेक नको! ब्रेक नको मारू! सरळ धर!" मी दोन्ही हातांनी चाक धरले. गाडी आपोआप मंदावली आणि कडेच्या मातीत थांबली. मागचे डावे टायर चिंध्या झाले होते. शेजारून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली, तेव्हा माझे पाय थरथरायला लागले. डोळ्यांपुढे मुलीच्या क्लासचे साठ हजार आले, आणि त्यानंतर घरात वाट बघणारी आई. हाच क्रम होता, खोटे कशाला सांगू.

ट्रॅक्टर घेऊन चाललेला एक शेतकरी थांबला. त्याच्या मदतीने चाक काढले. फाटके टायर उलटे केल्यावर आतल्या बाजूला आकडे दिसले: १९१४. म्हणजे २०१४ सालचा एकोणिसावा आठवडा. पूर्ण तारीख टायरच्या एकाच अंगाला असते. ते अंग आत टाकून टायर चढवले होते आणि वरून काळे पॉलिश मारले होते. रबर वापराने झिजते तसे नुसत्या वयानेही कडक होते, नक्षी कितीही खोल असो. वडील कंबरेला हात लावून म्हणाले, "चूक माही हाय. मीच झोपून पाह्यले पाह्यजे होतं." चूक त्यांची नव्हती.

डिकीतले जादा चाक लावून चाळीसच्या वेगाने सागर गाठले. पहिल्या दोन दुकानांत या मापाचे टायर नव्हतेच. तिसऱ्यात दोन मिळाले, १८,४०० रुपयांना. दुकानदाराने गाडी किती वर्षांची हे विचारले नाही. टायर काय, ब्रेकचे पॅड काय, गाडी वीस लाखांची असो की तीन लाखांची, भाग तोच आणि भाव तोच. घसारा लावणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. घसारा गाडीला लागतो, सुट्या भागांना नाही.

चाक बदलताना वडिलांची कंबर धरली होती, म्हणून सागरपासून मी त्यांना मागच्या सीटवर बसवले. पाय पूर्ण पसरले तरी पुढची सीट लागत नव्हती. पाच मिनिटे शांत गेली. मग मागून सुरू झाले, "हळू घे. त्याले पुढे जाऊ दे. आरशात पाह्य." बर्मानला नर्मदेच्या पुलावर संक्रांतीच्या जत्रेची गर्दी लागली, तेव्हा ते म्हणाले की मागून काहीच दिसत नाही, साहेब लोक वेळ कसा काढत असतील? नरसिंहपूरला ते पुन्हा पुढे येऊन बसले.

लखनादौन, सिवनी, मग पेंचचे जंगल. तिथे जनावरांना खालून जाता यावे म्हणून रस्ता जागोजागी पुलावर उचलला आहे आणि दोन्ही कडांना आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत. रात्री त्या भिंतींमधून जाताना जंगल असे दिसत नाहीच. मनसर, कामठी करत साडेअकराला आम्ही वस्तीच्या कोपऱ्यावर पोहोचलो, आणि तिथेच थांबलो.

आमची गल्ली साडेसात फूट. त्यात नालीवरच्या फरश्या आणि घरांच्या पायऱ्या. गाडी जवळजवळ सोळा फूट लांब आणि आरसे सोडून सहा फूट रुंद. दिल्लीला जाण्याआधी मी सगळे मोजले होते, गल्ली मोजली नव्हती. आई शाल गुंडाळून, काठी टेकत, पत्नीचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालत आली. मागे बसली, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगली हाय. घरापर्यंत नाही येत का?"

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. कार्यालयात कागद फिरायला तीन महिने लागले. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या गाडीला आपल्याकडे रस्ताकर पुन्हा भरावा लागतो आणि तो मूळ किमतीवर, वयाची सूट देऊन, धरतात. आम्हाला १,३८,००० भरावे लागले. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या नावे, आणि मूळ मालक फोन उचलत नव्हता. नागपुरात उरलेली दोन टायर घेतली. गिअरबॉक्सचे तेल आणि टायमिंग बेल्ट मिळून ४६,०००. या गिअरबॉक्सचे तेल साठ हजार किलोमीटरला बदलावेच लागते आणि आधी ते बदलले होते याचा कागद आमच्याकडे नव्हता. पुढे सस्पेन्शनचे रबर, बॅटरी. १५०० सीसीवरच्या गाडीला तृतीय पक्ष विम्याचा दर २०२२ साली ७,८९७ ठरला होता, वर जीएसटी. गाडी म्हातारी झाली म्हणून तो कमी होत नाही. गाडी ठेवायला एका शेडचे महिना ७०० भाडे. डिझेल सोडून तीन वर्षांचा खर्च ३,१४,००० च्या आसपास. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. मुलीच्या क्लासचे पैसे जूनमध्ये परत केले, पण पतसंस्थेतून दुसरे कर्ज काढून.

जमाखर्चात न येणाऱ्या गोष्टीही आहेत. ऑफिसात एकजण चहा पिता पिता म्हणाला, "आता तुमच्या लोकांकडेही सुपर्ब!" त्याच्याकडे दोन गाड्या आहेत, त्यावर कोणी "तुमच्या लोकांकडे" म्हणत नाही. आणि वस्तीतल्या वाचनालयासाठी मी घरोघरी जाऊन एकावन्न रुपये वर्गणी मागतो. गाडी आल्यावर पहिल्याच महिन्यात एका ताईंनी विचारले, "एवढ्या गाडीतून फिरता, आमच्याकडं काय मागता?" मी काय बोलणार? वर्गणीला अजूनही सायकलनेच जातो. तीन लाखांची जुनी गाडी लोकांना वीस लाखांचीच दिसते. खर्चाच्या बाबतीत तर ती खरोखरच वीस लाखांची आहे.

आणि तरीही महिन्यातून दोनदा आईला दवाखान्यात नेताना ती मागे पाय लांब करून बसते, आणि परत येताना झोपलेली असते. ऑटोत ती कधी झोपली नव्हती. छत्रीच्या भोकात तिची काठी बसत नाही, मुलीने प्रयत्न करून पाहिला. नोंदणी मे २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर तपासणी, पाच वर्षांचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ साली ६०० वरून ५,००० झाली, हे ज्यांना घ्यायची आहे त्यांनी वहीत लिहून ठेवावे.

तेव्हा तरुणांनो, गाडी बघायला जाल तेव्हा आधी गल्ली मोजा आणि मग टायरखाली झोपून आतली बाजू बघा. गाडीची जेवढी किंमत, तेवढेच पैसे बाजूला असतील तरच निघा. सोबत कोणी जाणता पाहिजे असेल, तर आमचे वडील आहेत. आता पंचाहत्तरीत आले, पण करोल बागेचे नाव काढले की बूट शोधायला लागतात. फक्त आईला विचारावे लागेल.