ढिला लगाम

आम्ही आयुष्यात पहिल्यांदा घोडीवर बसलो ते आमच्याच लग्नात. डोळ्यांवर सेहरा, अंगात नवी शेरवानी, खाली पांढरीशुभ्र घोडी आणि पुढे बँड. मित्रांनी उचलूनच वर ठेवलं होतं. चौकात बँडवाल्यांनी चाल बदलली आणि घोडी पुढचे पाय उचलून नाचू लागली. आम्ही लगाम सोडला आणि घोडीवाल्या चाचांचा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरला. सेहऱ्यामुळे चेहरा झाकला गेला, पण हात सगळ्यांनीच पाहिले. पुढे कितीतरी दिवस मेहुणे मंडळी आम्ही दिसलो की एकमेकांचे खांदे धरून हसायची.

आम्ही 'आम्ही' म्हणतो म्हणून वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हा मोठेपणा नाही. घरात 'हम' म्हणायची सवय आणि त्यात भिडस्त स्वभाव. 'मी' म्हणून एकट्याने पुढे यायचं म्हटलं की जीभ अडखळते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. बी.एड. झालेलो आहोत. वर्गात चाळीस मुलांपुढे तास-तास बोलतो. पण शिक्षण परिषदेत मराठी शाळांचे शिक्षक समोर बसले की तयार करून नेलेलं टिपण खिशातच राहतं. मराठी येत नाही असं नाही. वाचतो, लिहितो. पण बोलताना 'ळ'चा 'ल' होईल, 'ती'च्या जागी 'तो' जाईल आणि कोणीतरी गालातल्या गालात हसेल, ही भीती. ज्या अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, त्या गावात राहून ही अवस्था!

त्याच गावाला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. 1903 मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिसळून गेली, पण घराघरांत तिच्या गोष्टी उरल्या. आमचे पणजोबा त्या रिसाल्यात होते असं अब्बा सांगत. कागद काही नाही, फोटो नाही. फक्त एक गंजलेली रिकीब कोठीघरात खिळ्याला टांगलेली. लग्नानंतर ती रिकीब दिसली की आम्हाला आपले हात आठवत आणि मान खाली जाई.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. लग्नं थांबली. एप्रिल-मे हीच चाचांची सुगी. ती त्या वर्षी गेली आणि 2021 मध्येही गेली. दोन घोड्यांपैकी एक त्यांनी विकली. उरली ती आमच्या वरातीतलीच, चांदनी. एके दिवशी कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन जाताना चाचा भेटले. शाळा बंद होत्या, पण आमचा पगार चालू होता. त्यांच्याकडे पाहताना आम्हाला त्याची लाज वाटली. मदत म्हणून पैसे दिले तर ते घेणार नाहीत हे ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं, "चाचा, आम्हाला घोडी चालवायला शिकवा. महिन्याचा कडबा आमच्याकडे."

चाचा बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खांदा नई मिलेंगा, सर."

गावाबाहेरच्या माळावर, लोक उठायच्या आत, आमची शिकवणी सुरू झाली. पहिले आठ दिवस बसायचंच नव्हतं. खरारा करायचा, खुरांतली माती काढायची, हरभऱ्याचा तोबरा चढवायचा. चांदनीने श्वास जोरात सोडला तरी आम्ही दोन पावलं मागे सरत होतो. तिच्या मागून जाऊ नये, गेलंच तर अंगावर हात ठेवून, आवाज देत जावं, म्हणजे तिला माणूस कुठे आहे ते कळतं, हा पहिला धडा. डाव्या बाजूने चढायचं, रिकिबीत पायाचा चवडा ठेवायचा, टाच खाली दाबायची, नजर घोडीच्या दोन कानांमधून दूर ठेवायची, हा दुसरा. ऐकायला सोपं. वर बसल्यावर नजर आपोआप खाली तिच्या मानेकडे जायची, आणि नजर खाली गेली की पाठ वाकायची, पाठ वाकली की तोल पुढे जायचा.

एक गंमत मात्र पहिल्याच आठवड्यात कळली. चाचा जे शब्द सांगत, ते आम्हाला शिकावे लागले नाहीत. लगाम, जीन, चाबूक, स्वार हे फारसीतून आलेले. रिकीब आणि नाल अरबीतून. चांदनीला चाचा 'नुकरा' म्हणत, तो पांढऱ्या घोड्यांचा प्रकार, आणि मूळ अरबी 'नुक़रा' म्हणजे चांदी. तर मांड, टाच, खूर, दुडकी हे शब्द मराठीच्या घरचे. घोडीवरचं सामान एका भाषेचं आणि बसणाऱ्याचं अंग दुसऱ्या भाषेचं, आणि यातलं एक जरी काढलं तर स्वार खाली! शिवाजी महाराजांच्या घोडदळात ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. हे दोन्ही शब्दही फारसी वळणाचे, पण त्यांच्यावाचून मराठ्यांचा इतिहास सांगता येत नाही. शिक्षण परिषदेत आम्ही ज्या भाषेपुढे परके होऊन बसत होतो, तिच्या अंगणात आमच्या भाषेची पावलं आधीच उमटलेली होती.

पण शब्द कळले म्हणून घोडी कळत नाही. महिना झाला, दोन महिने झाले, चांदनी आमच्या सांगण्यावरून चालेना. चाचांनी नुसतं 'चल बेटी' म्हटलं की निघायची. आम्ही टाच लावली की जागच्या जागी मान झटकायची, कान मागे पाडायची, कधी मागेच सरकायची. आम्ही वैतागलो. तिला आम्ही आवडत नाही, असंही वाटू लागलं. एका सकाळी चाचांनी लगामाला हात घातला आणि म्हणाले, "सर, पांव बोलरे चल, हात बोलरे ठैर. जनावर किसका सुनेंगा?"

आम्ही हाताकडे पाहिलं. मुठी आवळलेल्या, लगाम छातीपर्यंत ओढलेला. घाबरलेला माणूस दोन गोष्टी एकदम करतो. पडू नये म्हणून पाय आवळतो आणि पळू नये म्हणून लगाम ओढतो. पायाचा दाब म्हणजे 'चल', तोंडातल्या कडीची ओढ म्हणजे 'थांब'. बिचारी चांदनी दोन महिने या दोन हुकमांच्या मध्ये उभी होती, आणि आम्ही तिलाच हट्टी म्हणत होतो. चाचांनी सांगितलं, भीती वाटली तर आयाळ धरा, लगाम नको. आयाळ धरल्याने तिला दुखत नाही.

त्या दिवशी चांदनी वीस-पंचवीस पावलं आमच्या सांगण्यावरून चालली.

पुढे शाळा पुन्हा भरू लागल्या. आमच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दोन वर्षांत पोराची शाळा तुटलेली, वाचन पार विसरलेलं. त्याला उभं केलं की तो पुस्तकात तोंड घालून गप्प राही. आम्ही म्हणायचो, "पढो बेटा, डरो मत." तो पहिला शब्द चुकला की आम्ही लगेच दुरुस्त करायचो. दुसरा चुकला की आमच्या कपाळाला आठी. एके दिवशी त्याने घाबरून आमच्याकडे पाहिलं, मान मागे घेतली, आणि आम्हाला माळावरची चांदनी आठवली. तोंडाने 'वाच' म्हणत होतो आणि डोळ्यांनी 'थांब'. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा आख्खा पेपर दिला होता, चांगले गुण पडले होते. पण ही गोष्ट चाचांकडून कळायची होती. त्यानंतर तो वाचताना आम्ही मध्ये बोलणं बंद केलं. दिवाळीनंतर तो अडखळत का होईना, अर्धं पान वाचू लागला.

आमची प्रगती त्याच्यापेक्षा हळू होती. एकदा झुडपातून तित्तर उडाला, चांदनी बाजूला उसळली आणि आम्ही तुरीच्या खुंटांत. मनगट मुरगळलं. शाळेत सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. चाचांनी त्याच क्षणी पुन्हा वर बसवलं होतं, नाहीतर भीती घरी घेऊन जाल म्हणाले. आणखी एकदा दूर रस्त्याने बँड चालला होता. तो ऐकून चांदनीला आपला धंदा आठवला आणि ती भर माळावर नाचू लागली. या वेळी जवळ खांदा नव्हता. आम्ही आयाळ धरली, टाच खाली दाबली, आणि ती थांबेपर्यंत बसून राहिलो. पाहायला कोणी मेहुणा नव्हता, याचं वाईट वाटलं.

2022 च्या मार्गशीर्षात चाचांनी चांदनी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत नेली. घोड्यांचा मोठा बाजार भरतो तिथे. दोन हंगामांचं कर्ज फेडायचं होतं. आम्ही काही म्हणू शकलो नाही. कडब्याच्या पैशात घोडी वाचत नाही. आदल्या सकाळी चाचांनी आम्हाला एकट्याला माळाच्या टोकापर्यंत जाऊ दिलं. दुडक्या चालीने गेलो, दुडक्या चालीने आलो. भरधाव सोडण्याची हिंमत तेव्हाही झाली नाही. ते राहून गेलं.

त्यानंतरच्या शिक्षण परिषदेत आम्ही उभे राहिलो. खिशातलं टिपण बाहेर काढलं आणि त्या मुलाच्या वाचनाबद्दल चार मिनिटं मराठीत बोललो. 'फळा'चा 'फला' झाला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. आमचे पाय आपोआप जमिनीवर टाच दाबून उभे होते. नजर समोर ठेवली आणि पुढचं वाक्य बोललो.

यात्रेहून चाचा रिकाम्या हाताने आले नव्हते. उरलेल्या पैशात एक लहान शिंगरू आणलं होतं. त्याच्यावर स्वारी करायला काही वर्षं वाट पाहणं भाग होतं. आम्ही जाता-येता खरारा करत राहिलो. आता ते शिंगरू नाही, घोडी झाली आहे. अजून कोणी वर बसलेलं नाही. पान हललं तरी बिचकते, अनोळखी माणूस आला की चाचांच्या मागे लपते.

परवा चाचा म्हणाले, "ये बी शरमाती, सर. आपकेच हात से सिकाएंगे."

आम्ही कोठीघरातली पणजोबांची रिकीब काढली आहे. रोज थोडा थोडा गंज घासतो.