काठ आणि किनारा

मराठवाड्याच्या भूगोलात समुद्र नाही. लातूरहून निघालेल्या माणसाला कोकणच्या किनाऱ्यावर पोहोचण्यासाठी चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. नांदेडहून हे अंतर आणखी वाढते. मराठी वाचकाच्या मनातील समुद्र बहुतांशी कोकणात वाढलेल्या लेखकांनी घडवलेला आहे. भरती-ओहोटी, माडांची रांग, मचवे, वाळूत बांधलेले किल्ले ही सारी चित्रे नांदेड-लातूरकडच्या मुलाला प्रथम भेटतात ती पाठ्यपुस्तकात. अनुभव नंतर येतो, आणि कित्येकांच्या आयुष्यात तो येतच नाही. तथापि समुद्र नाही म्हणून ह्या प्रदेशातील कुटुंबांना पाण्याकाठची सहल ठाऊक नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. ती सहल आहे, फार जुनी आहे; मात्र तिचा स्वभाव वेगळा आहे.

ह्या स्वभावाची पहिली खूण नावांत सापडते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय ‘नाथसागर’ होतो, नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा ‘शंकर सागर’ होतो. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातील तलाव आहे, त्याचे नाव तर ‘जगत्तुंग समुद्र’. साठवलेल्या पाण्याला सागर म्हणण्याची रीत अन्यत्रही आहे. परंतु ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्या तोंडी हा शब्द अलंकार म्हणून उरत नाही. जितके पाणी एका नजरेत मावत नाही तितके म्हणजे सागर, असा त्याचा साधा, मोजमापाचा अर्थ होऊन बसतो. दुसरी खूण ‘काठ’ ह्या शब्दात आहे. ‘किनारा’ हा फारसीतून आलेला शब्द इकडच्या घरगुती बोलण्यात क्वचितच येतो. काठ मात्र नदीला असतो, विहिरीला असतो, लुगड्याला असतो आणि घागरीलाही असतो. घागर काठोकाठ भरली म्हणजे बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, तेच तळे काठोकाठ भरलेले पाहताना दिसते. घरातले पाणी आणि घराबाहेरचे पाणी ह्यांना एकच शब्द पुरतो, कारण पाहणाऱ्यांच्या लेखी ती दोन पाणी वेगळी नसतात.

लातूरच्या गंजगोलाईपासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका कुटुंबाकडे पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. कुटुंब मूळचे औसा तालुक्यातले. गावी अजून आठ एकर कोरडवाहू शेत आहे. घरातली थोरली बाई सत्तरीच्या घरातली. मुले-नातवंडे तिला ‘माय’ म्हणतात. मुलगा शहरात दुकान चालवतो. सून नांदेडची, गोदाकाठी वाढलेली. तिचा मुलगा शिकून मुंबईला नोकरीस लागला. ह्या घराला सहलीचे वेगळे वेळापत्रक कधीच नव्हते. सुटी, पाहुणे, देवदर्शन आणि शेतातली कामे ह्यांच्या फटींतून ती आपोआप निघत असे.

सुनेच्या माहेरी गोदावरीला गोदावरी म्हणण्याची पद्धत नाही. तिथे ‘गंगा’ म्हणतात. महानुभावांच्या वाङ्मयात ह्या सगळ्या पट्ट्याला ‘गंगातीर’ म्हटले आहे, आणि नांदेडच्या म्हाताऱ्या बायका आजही ‘गंगेवर जाऊन येते’ असेच सांगतात. उन्हाळ्याच्या सुटीत लातूरची मंडळी नांदेडला आली, की एखाद्या संध्याकाळी नगीनाघाटावर किंवा बंदाघाटावर जाणे ठरलेले असे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने घाटांचे रूप पालटले, पायऱ्या रुंद झाल्या; परंतु त्या पायऱ्यांवर बसण्याची रीत पालटली नाही. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. मुलांचे पाय पाण्यात, बायकांची बोलणी माहेर-सासरची, पुरुषांची भाव-पावसाची. एखाद्या रविवारी विष्णुपुरीला काळेश्वराचे दर्शन आणि जलाशयाच्या कडेने फेरफटका.

ह्या दृश्याचे वय मोठे आहे. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत ही नदी ‘गोला’ ह्या प्राकृत नावाने येते. तिच्या काठावर राजांपेक्षा शेतकऱ्यांची घरे अधिक आहेत. दीर-भावजया, सासवा-सुना, वाट पाहणाऱ्या स्त्रिया आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे ती गाथा मराठी अभ्यासकांच्या हाती नीट आली. तिच्यातील घरगुती जीवन वाचताना ध्यानात येते, की महाराष्ट्राच्या अगदी आरंभीच्या उपलब्ध काव्यातच कुटुंब आणि पाण्याचा काठ एकमेकांना बिलगून आहेत. नदीवर जाणे हे तिथे घरापासून दूर जाणे नाही, तो घराचाच बाहेरचा भाग आहे. नांदेडच्या पायरीवर बसून धपाट्याचा तुकडा मोडणाऱ्या बाईला ही गाथा ठाऊक नसेल. तिच्या बसण्यात मात्र ती आहे.

लातूरकडची खरी कौटुंबिक सहल मात्र मार्गशीर्ष अमावास्येची, म्हणजे वेळ अमावास्येची. लोकांच्या बोलीत ‘येळवस’. लातूर-धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीकडेही ती साजरी होते. त्या दिवशी शहरांतले रस्ते ओस पडतात आणि शिवार भरते. शेतात कडब्याची कोप उभारतात, चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते आणि उभ्या पिकात आंबील शिंपडले जाते. तूर, हरभरा, वाल, वाटाणा ह्यांच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचे आंबील. ज्याला शेत नाही त्याने ज्याला आहे त्याच्याकडे जावे, आणि ज्याला आहे त्याने येईल त्याला बसवावे, असा अलिखित नियम आहे. मायच्या शेतात एरवी पंचवीस-तीस पाने उठत. शेताच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. जेवणे झाली, की पोरे तिकडे पळत आणि म्हातारी मंडळीही सावकाश काठावर जाऊन उभी राहत. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे : “पाणी किती हाय?”

हा प्रश्न नीट ऐकला पाहिजे. समुद्रकाठी गेलेले कुटुंब पाणी किती आहे असे विचारीत नाही. ते पाण्याकडे आपला शीण उतरवायला गेलेले असते. मराठवाड्यातील कुटुंब पाण्याकाठी जाते ते आजाऱ्याच्या समाचाराला जावे तसे. आनंद असतो, हास्यविनोद असतो, परंतु नजर पाण्याच्या पातळीवरून हलत नाही. मागच्या वर्षी कुठवर होते, ह्या वर्षी कुठे आले, चैत्रापर्यंत पुरेल काय, हा हिशेब पोरांच्या गलक्याखाली चालूच असतो.

२०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने लागोपाठ पाठ फिरवली. जानेवारी २०१६ मध्ये येळवस आली तेव्हा मायच्या शेतात ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नव्हती. भज्जीसाठी लागणाऱ्या ओल्या शेंगा लातूरच्या बाजारातून विकत आणाव्या लागल्या. शेतात जेवायला जायचे आणि शेंगा बाजारातून न्यायच्या, ही गोष्ट मायला फार लागली. तिने पाहुण्यांना निरोप धाडले नाहीत. आंबील मात्र तिने नेहमीसारखेच शिंपडले. ओढ्याकडे त्या दिवशी कुणी गेले नाही.

पुढचे तीन महिने घरातल्या प्रत्येक भांड्याला पाण्याची नोकरी लागली. मांजरेचे धनेगावचे धरण कोरडे पडले होते. नळाची वाट पाहणे लोकांनी सोडून दिले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. पिंप, हंडे, घागरी, जुनी रंगाची डबडी ह्यांनी ओसरी भरली. भाजी धुतलेले पाणी फरशीला, फरशीचे पाणी तुळशीला, असा क्रम लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. कृष्णाकाठचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून मांजराकाठच्या शहरात येत होते. सुनेच्या लहान मुलीने स्टेशनवर जाऊन ती गाडी पाहण्याचा हट्ट धरला आणि तिला नेण्यात आले. त्या उन्हाळ्यात त्या कुटुंबाची तेवढीच एक सहल झाली. मुलीने टाक्या मोजल्या. मायने घरी विचारले, “ते पाणी दिलं त्या गावाला पुरलं का पण?”

सप्टेंबरच्या अखेरीस मांजरेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला आणि कोरडे पडलेले धरण पुन्हा भरले. एका रविवारी सारे घर जीपगाडी करून धनेगावला गेले. काठावर आणखीही पुष्कळ कुटुंबे आली होती. मायने खण, नारळ, तांदूळ आणले होते. तिने पाण्याची ओटी भरली, हाताने थोडे पाणी मागे लोटले आणि बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. सुनेने दशम्या सोडल्या तेव्हा ती म्हणाली, “थांब. आधी बघू दे.”

त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, मुंबईच्या नातवाने तिला समुद्र दाखवायचे ठरवले. मंडळी अलिबागला गेली. सकाळी पोहोचली तेव्हा भरती होती. कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात उभा होता. मायने चप्पल काढून नमस्कार केला, ओंजळ भरून तोंडाशी नेली आणि लगेच थुंकली. “इतकं असून काय उपयोग,” एवढेच ती बोलली. दुपारी खोलीवर जेवून मंडळी परत आली तर सकाळचे पाणी जागेवर नव्हते. ओल्या वाळूतून माणसे किल्ल्यापर्यंत चालत निघाली होती, घोडागाड्या जात होत्या. माय जागच्या जागी थांबली.

“आटलं की गं!”

सून हसली नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ती म्हणाली, “आटलं नाही आत्याबाई. ओहोटी आहे. संध्याकाळी येतं परत.”

“कोण आणतं?”

“कुणी नाही. आपलं आपण येतं.”

चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी सुमारे सव्वासहा तासांत चढते आणि तितक्याच वेळात उतरते. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नातवाने हे समजावून सांगितले. मायने ते ऐकून घेतले. मग तीही सुनेचा हात धरून किल्ल्यात गेली. तिथे तट-बुरुजांकडे तिचे लक्ष नव्हते. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे असे कळल्यावर ती त्या विहिरीपाशी गेली, वाकून आत पाहिले आणि खोली विचारली. संध्याकाळी मात्र ती वाळूवर बसून राहिली, भरती येईपर्यंत. अंधार पडत आला तरी उठेना. पाणी तिच्या पायांपर्यंत आले तेव्हा ती समाधानाने उठली.

ह्या प्रसंगाकडे अडाणी बाईची गंमत म्हणून पाहता येईल. तसे पाहणे अन्यायाचे होईल. परत येणारे पाणी हा किनाऱ्यावरच्या माणसाचा गृहीत धरलेला अनुभव आहे. त्याच्या सहलीला जो निवांतपणा असतो तो ह्या गृहीतातून येतो. काठावरच्या माणसाजवळ हे गृहीत नाही. गोदावरी समुद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला चौदाशे किलोमीटरांहून अधिक वाहत जाते. बालाघाटात उगवणारी मांजरा लातूरचे, बीदरचे, तेलंगणाचे रान फिरून उत्तरेला वळते आणि कंदकुर्तीपाशी तिला मिळते. सासर-माहेरची ही दोन पाणी तिथे एक होतात आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातात. काठावरून गेलेले पाणी त्याच वाटेने परत येत नाही. ते आभाळातून यावे लागते, आणि आभाळाचे वेळापत्रक कुणाजवळ नाही. म्हणूनच ह्या प्रदेशातील कुटुंबाची पाण्याकाठची सहल पूर्णपणे सहल कधीच होत नाही, आणि म्हणूनच ती टाळलीही जात नाही. भरल्या काठावर एकत्र बसून खाल्लेली दशमी ही त्या घराची वर्षभराची शिदोरी असते. समुद्र पाहिल्याने मायची ही दृष्टी बदलली नाही. तिने समुद्रालाच आपल्या दृष्टीत जागा करून दिली.

मुंबईचा नातू आठवड्यातून एकदा लातूरला फोन करतो. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर माय विचारते, “पाणी आलं का?” लातूरच्या घरात ह्या प्रश्नाचा एकच अर्थ असतो. नातवाला मात्र आता कळत नाही, की ती त्याच्या नळाविषयी विचारते आहे की अलिबागच्या त्या संध्याकाळविषयी. तो म्हणतो, “आलं, माय.” पलीकडून क्षणभर काही ऐकू येत नाही. मग ती म्हणते, “बरं झालं. भरून ठेव.”